च्या निवलाच्या म्होरं

९ ऑगस्ट २०२४, नागपंचमी
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ती. शालूआक्कास,
आकारामचा साष्टांग नमस्कार.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. हल्ली हातानं लिहिलेलं पत्र दारात आलं की माणसं आधी डोळ्याला पदर लावतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. फोन केला असता, पण माझा नंबर तुझ्या फोनवर लागत नाही. ही करामत आदर्शची असणार. भाचा कागलच्या एमआयडीसीत एवढी मोठी मशिनं चालवतो, मामाला बंद करायला त्याला एक बटण पुरलं.

मी मुंबईहून आलोय. कायमचा नाही, आरामाला. डॉक्टर म्हणाले, जरा हवा बदला. आईची खोली उघडली, झाडली, पंखा फिरतोय अजून. भिंतीवर माझा तो फोटो आहे, हातात ट्रॉफी घेतलेला. आईनं त्याला हार घातलाय, प्लॅस्टिकचा. जिवंतपणी हार घातलेला फोटो बघायला मिळणं हे सुद्धा भाग्यच म्हणायचं.

आज पंचमी. आई असती तर तिनं मला सकाळच्या एसटीनं बिद्रीला पिटाळलं असतं, "जा, आक्काला घिऊन ये, पोरगी वाट बघत बसली आसंल" म्हणून. पाच वर्षं झाली, तुला आणायला कुणी आलं नाही आणि तूही आली नाहीस. मी एकटाच दूध आणून प्यालो. नागाला दिलं नाही, त्याला माझ्यापेक्षा जास्त बोलावणी असतात आज.

शाळेत मास्तरांनी पत्राचं कारण आधी लिहायला शिकवलं होतं, मी शेवटी लिहितोय. टीव्हीवरच्या आमच्या 'हसा की पावणं'ला यंदा दहा वर्षं होतात. दिवाळीला खास भाग करणार आहेत. चॅनेलच्या लोकांची फार इच्छा आहे की खरी तानूआक्का, म्हणजे तू, पहिल्या रांगेत बसावीस. तुला काही बोलायचं नाही. मी कपबशी घेऊन येईन, तुझ्या हातात देईन, वाक्य मीच म्हणेन. लोक उभं राहून टाळ्या वाजवतील. तुझ्यासाठी, आक्का. गाडी दारात येईल.

होय म्हण. आदर्शला सांगून नुसता एक मिस्ड कॉल दे, तेवढा पुरे.

तुझा
आकाराम


२ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास,

मिस्ड कॉल आला नाही. पत्र पोचलं हे मला ठाऊक आहे, पोस्टात चौकशी केली. म्हणजे तू वाचलंस आणि डब्यात ठेवलंस. आपल्या आईचीच लेक तू. रागाची वस्तू सुद्धा ती डब्यात नीट घडी घालून ठेवायची.

तुला वाटतं मी तुझी चेष्टा केली. एकदा माझी बाजू ऐकून तरी घे. पहिल्या वर्षी मी चॅनेलवर काय होतो? तिसरा हवालदार, कंपाउंडर, लग्नातला आडवा पडलेला दारुडा. चौथ्या भागात एक प्रहसन होतं, घरातला मिक्सर बंद पडतो. सगळे आपापले विनोद करून दमले, कुणी हसेना. दिग्दर्शक म्हणाला, "आकाराम, तू साडीत आहेस ना, काहीतरी दे." मी मिक्सरजवळ बसलो, डोक्यावर पदर घेतला, मिक्सरच्या भांड्यावरनं हात फिरवला आणि हेल काढला, "उठा की वंऽऽ, च्या निवलाऽऽ!" आक्का, लाइटवाली माणसं हसली. ती कधी हसत नसतात, त्यांनी सगळं बघितलेलं असतं. एक जण वरच्या शिडीवरनं खाली उतरला आणि भिंतीला टेकून हसला. त्या दिवसापासून मी तानूआक्का झालो. सात वर्षं. स्कूटर मेली, रिमोट मेला, टीव्ही मेला, नेत्याचं आश्वासन मेलं, तानूआक्का येऊन रडणार. रिक्षांच्या मागं ते वाक्य रंगवलं लोकांनी, चहाच्या कपांवर छापलं.

ते कुठून आलं मला ठाऊक नाही. ओठावर आलं. मेल्या माणसाशी बोलत, हेल काढून रडणं आपल्याकडं घराघरात आहे. हजार बायका रडल्या असतील तसं. पिराजीदाजींच्या वेळी तू तेच म्हणाली होतीस हे मला फार नंतर कुणीतरी सांगितलं. तोवर गाडी सुटली होती.

आणि आईच्या वेळी जे झालं, त्यात माझा काय दोष? मी त्या बाईला हस म्हणून सांगितलं होतं का? तू तिरडीजवळ बसलीस, तोंड उघडलंस, "उठ की गं आये" एवढंच म्हणालीस, आणि मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तोंडात पदर कोंबला होता तिनं बिचारीनं. तिलाही आवरलं नाही. कुणीतरी मोबाईल वर धरला. तू तिथंच थांबलीस. उरलेला दिवस तू रडली नाहीस, आणि माझ्याकडं बघितलंही नाहीस. पाच वर्षं एवढ्यावर? दुसऱ्या कुणाच्या हसण्यावर?

लग्न मी केलं नाही, आईनं ती आशा माझ्या तिसऱ्या सीझनलाच सोडली होती. माझं असं तूच एक माणूस आहेस. भाग दिवाळीचा आहे, अजून वेळ आहे. विचार कर.

आकाराम


२० सप्टेंबर २०२४

आक्का,

आज चेष्टा जमत नाही.

केरबा आठवतो? माझ्या वर्गातला, तालमीसमोर राहतो. परवा त्याचे वडील गेले. गणपती नुकते बोळवले होते, गल्लीत अजून गुलाल होता. मी धावत गेलो. दारात पोचलो तर आतून बायकांचे हेल ऐकू येत होते, आणि मी उंबऱ्यावर पाय ठेवला तशी आत एकदम शांतता. कुणीतरी कुजबुजलं, "आली बघ तानूआक्का." केरबा बाहेर आला. डोळे लाल. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आक्या, वाईट वाटून घिऊ नगंस. तू जरा बाहेरच थांब. आत बायका रडायल्यात, तुला बघून त्यास्नी रडू फुटंना झालंय."

मी दोन तास पानपट्टीजवळ उभा राहिलो. पानपट्टीवाल्यानं माझ्यासोबत फोटो काढला. अंत्ययात्रा निघाली तेव्हा मी लांबून, शेवटच्या माणसाच्याही मागनं चाललो. ज्या केरबाच्या वडिलांनी मला सायकल शिकवली त्यांना मी खांदा देऊ शकलो नाही.

तर आता खरं लिहितो. डॉक्टर वगैरे काही नाही. चॅनेलनं मला तीन वर्षांपूर्वीच सोडलं. तानूआक्का त्यांच्याकडंच राहिली, ती कागदावर त्यांची आहे. दिवाळीच्या खास भागात ती एक नवीन पोरगा करणार आहे, यशराज म्हणून. चांगला करतो, हेल माझ्यापेक्षा लांब ओढतो. मी खूप फोन केले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "खरी बाई आणू शकत असाल तर तुम्हालाही बसवू." म्हणून तुला पत्र लिहिलं. तुझ्या मागं उभं राहून मला एकदा परत आत जायचं होतं.

आता तो विचार सोडला. ते काल मी त्यांना कळवलंही. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

आईच्या दिवसाचं एक राहिलंय, ते लिहून टाकतो, नाहीतर पत्र परत घडी करून ठेवून देईन. ती बाई हसली तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो. समोर माझी आई. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? टायमिंग बरोबर पडलं. हे आलं, आक्का. आई गेल्याचं दुःख त्याच्यानंतर आलं. तू माझ्याकडं बघितलं नाहीस ते बरं केलंस, कारण माझ्या तोंडावर ते दिसलं असतं.

मला आता काही नको. फक्त तू एकदा माझ्याशी बोल. शिव्या दे, चालेल. या गावात सगळे माझ्याशी बोलतात, आणि सगळे तेच एक वाक्य बोलतात.

आकाराम


४ नोव्हेंबर २०२४

आक्का,

काल भाऊबीजेला आदर्श आला होता, हे तुला माहीत आहेच, तूच पाठवलंस. तो आत बसला नाही. चप्पल घालूनच दारात उभा राहिला, हेल्मेट हातात. दाढी ठेवलीय त्यानं, थेट दाजींसारखा दिसतो. मी म्हटलं चहा टाकतो, तर माझ्याकडं असं बघितलं की मी स्टोव्हला हातच लावला नाही.

म्हणाला, "मामा, आईचा निरोप हाय. तेवढा सांगतो आन जातो. बाबा गेलतं त्या दिवशी आई जे रडली, त्यात च्या निवलाच्या म्होरं ती काय म्हणली हुती, ते तिला आता आठवंना झालंय. लई दिवस झालं. आठवाय बसली की टीव्हीवरचंच येतंय डोक्यात, मागनं ती मानसं हसत्यात, तुमचा पदर दिसतोय. बाबा दिसतच न्हाईत. ती म्हणत्या, आकारामला इचार, त्यो हुता तितं. त्याच्या सगळं ध्यानात ऱ्हातंय."

मी विचारलं, तिथल्या शेजारणींना विचारलंस का? तर म्हणाला, "इचारलं की. त्यास्नी बी तुमचंच आठवतंय."

जाताना वळून एवढंच म्हणाला, "डिसंबरात बारा वर्सं हुत्यात. तवर तरी आठवा, मामा. ती रोज सकाळी कपाम्होरं बसत्या आन तोंड हालीवत्या."

आक्का, तू निरोप पाठवलास. पाच वर्षांनी. काय विचारलंस हे बाजूला राहू दे, मला विचारलंस याचंच मला रडू आलं. खोलीत एकटाच होतो म्हणून रडलो. आणि खरंच आहे ते, माझ्या ध्यानात राहतं. पन्नास पानांची संहिता मी एका दुपारीत पाठ करायचो. मला दहा दिवस दे. शब्द न् शब्द लिहून पाठवतो.

तुझा
आकाराम


१२ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,

आठवलं. सोबत वेगळ्या कागदावर चांगल्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे तुला जपून ठेवता येईल. इथंही लिहितो.

उठा की वं, च्या निवला.
दारात जोडी हंबरायली, वैरण कोण घालंल वं.
माझ्या कपाळाचं लेणं कुणी नेलं वं.
लेकरू शाळंतनं यील, कुणाच्या गळ्यात पडंल वं.
एकल्या वाटंला मला सोडून कुटं निघालासा वं.

अगदी असंच म्हणाली होतीस. वाचताना मला ती सकाळ समोर दिसली. कारखान्याचा हंगाम चालू होता, दाजी तिसरी पाळी करून आले आणि आडवे झाले. तू रोजच्यासारखा चहा ठेवलास आणि रोजच्यासारखी हाक मारलीस. तिसऱ्या हाकेला तुला कळलं.

बाराव्या वर्षाला मी यावं का? ये म्हणालीस तर येतो. मागं बसेन. तोंड उघडणार नाही.

तुझा
आकाराम


१ डिसेंबर २०२४

आक्का,

माझा कागद परत मिळाला. त्याच्या मागं तू पेन्सिलीनं लिहिलेलं वाचलं. "आमच्या दारात बैलं कवा हुती? सायकल हुती. हे तू लिवलायस. मला माझं पायजे."

खरंय. दाजींकडं हिरवी सायकल होती, हँडलला डबा अडकवलेला. बैलं मी कुठून आणली ते मला माहीत आहे. चार ठिकाणच्या चार बायकांचं रडणं मी गोळा केलं आणि तुझ्या नावावर लावलं. प्रहसन लिहितात तसंच लिहिलं. दोनदा खोडलं, चौथी ओळ चढली पाहिजे म्हणून लेकरू घातलं. तुझ्या नवऱ्याच्या मरणावर मी परत एकदा काम केलं, आणि या वेळी तू विश्वासानं मागितलं होतंस.

मी सप्टेंबरच्या पत्रात म्हटलं होतं, आता खरं लिहितो. तेव्हाही सगळं लिहिलं नव्हतं. ते वाक्य माझ्या ओठावर आपोआप आलं नव्हतं. कुणी मला नंतर सांगितलंही नव्हतं. ते माझ्याकडं लिहिलेलं होतं.

मुंबईला पहिल्या शिबिरात आम्हाला शिकवलं होतं, खिशात वही ठेवा, माणूस कसा चालतो, कसा बोलतो ते जागच्या जागी टिपा. मी ते मनावर घेतलं. त्या डिसेंबरात मला कुठंच काम नव्हतं, म्हणून मी तुझ्याकडं बिद्रीला येऊन राहिलो होतो, तुझ्या हातचं खात होतो. त्या सकाळी तू हेल काढलास तेव्हा मी उंबऱ्यात बसलो होतो. दाजींना अजून अंगणात घेतलं नव्हतं. मी शर्टाच्या खिशातनं वही काढली. तुला दिसू नये म्हणून गुडघ्याआड धरली. येणाऱ्या बायकांना वाटलं असेल, भाऊ पाहुण्यांचे फोन नंबर लिहून घेतोय.

तुझा निरोप आला त्या दिवशीच मला ही वही आठवली होती. तरी आधी बैलं लिहिली, कारण वही उघडायची भीती वाटत होती. आणि खरं सांगू, थोडी आशाही होती की उघडली नाही तोवर त्यात सगळं असेल. माझं अक्षर बारीक आहे, मी भराभर लिहितो, कदाचित उतरलं असेल सगळं. काल तुझी पेन्सिल वाचल्यावर आईच्या पलंगाखालची ट्रंक ओढली. वही सापडली. पान सापडलं.

जे मला आठवतं ते आधी सांगतो. तू अर्धा तास तरी त्यांच्याशी बोलत होतीस. कपावर साय धरली होती. तुझा आवाज एकदा खूप खाली गेला, जवळजवळ रोजच्या बोलण्याइतका, आणि तेव्हा तू त्यांचा हात तुझ्या मांडीवर घेतला होतास. काय म्हणत होतीस ते ऐकू येत होतं, मी दहा फुटांवर होतो. पण मी ऐकत नव्हतो. मी ते एकच वाक्य मनात परत परत म्हणत होतो, विसरायला नको म्हणून. सायकलचं काही म्हणालीस का? तुझी चिठ्ठी वाचल्यापासून मला वाटतंय की म्हणालीस. पण ते त्या दिवसातनं येतंय का तुझ्या चिठ्ठीतनं, हे मला आता कळत नाही. म्हणून ते मी तुला देत नाही. पुन्हा माझं काही तुझ्यात मिसळायला नको.

अकरा तारखेला मी येणार नाही. मी आलो तर तुझ्या दारातल्या बायका पुन्हा माझ्याकडं बघतील. तू एकटीच बस. जे तोंडात येईल ते म्हण, माझं आलं तर थुंकून टाक.

पान फाडून सोबत ठेवलंय. पेन्सिलीनं लिहिलंय, पुसट झालंय, म्हणून इथं परत उतरवतो. यात एक अक्षरही नवीन नाही.

"११ डिसेंबर २०१२, बिद्री. शालूआक्का. 'उठा की वं, च्या निवला.' हेल वर न्यायचा, 'निवला'ला एकदम खाली आणायचा. भारी आहे. पुढं लांबण. नको."

त्या दिवसाचं एवढंच आहे. खाली पान कोरं आहे, आक्का. जागा भरपूर होती.

आकाराम